अर्धा औंस रक्ताचा हिशेब (थ्रेड)

१६२८ साली जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथे एक लॅटिन पुस्तिका प्रसिद्ध झाली. पाने अवघी ७२, कागद हलका, मुद्रणदोष विपुल. लेखक होता विल्यम हार्वे, लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाचा वैद्य आणि राजा पहिला चार्ल्स याचा राजवैद्य. चौदाशेहून अधिक वर्षे चालत आलेली एक समजूत या पुस्तिकेने मोडीत काढली, आणि तीही बव्हंशी साध्या गुणाकाराने.

ती समजूत गेलनची. इ.स. १२९ मध्ये पर्गामम येथे जन्मलेला हा ग्रीक वैद्य काही काळ ग्लॅडिएटरांच्या जखमा बांधत असे. त्याच्या मते अन्नाचे रक्त यकृतात होते, ते शिरांवाटे अवयवांकडे जाते आणि तेथेच संपते; पाटाचे पाणी शेतात जिरावे तसे. ते परत येण्याचा प्रश्नच नाही. थोडे रक्त मात्र हृदयाच्या उजव्या भागातून मधल्या पडद्यातील अदृश्य छिद्रांमधून डावीकडे झिरपते, असे तो म्हणे.

गेलनला आज हसणे सोपे आहे. पण धमन्यांत हवा नसून रक्तच असते, हे प्रयोगाने दाखवणाराही तोच. मानवी शवविच्छेदनाची वाट बंद असल्याने त्याचे बहुतेक ज्ञान माकडे आणि डुकरे यांच्यावर उभे होते. दोष त्याच्यापेक्षा त्याला अंतिम प्रमाण मानणाऱ्यांचा अधिक.

त्या अदृश्य छिद्रांना पहिला स्पष्ट नकार युरोपातून आला नाही. दमास्कसमध्ये शिकलेला आणि कैरोत नावारूपास आलेला इब्न अल-नफीस याने १२४२ च्या सुमारास इब्न सीनाच्या शरीररचनेवर भाष्य लिहिले. पडदा घट्ट आहे, त्यात दृश्य वा अदृश्य कोणतेही छिद्र नाही; उजवीकडचे रक्त फुप्फुसांतून जाऊनच डावीकडे पोहोचत असले पाहिजे, असे त्याचे म्हणणे होते. हे भाष्य पुढे विस्मृतीत गेले. १९२४ मध्ये मुह्यिद्दीन अत्ततावी या इजिप्शियन वैद्याला त्याचे हस्तलिखित बर्लिनच्या ग्रंथालयात सापडले, तेव्हा कुठे जगाला त्याची किंमत कळली.

युरोपात हाच विचार १५५३ मध्ये मिगेल सर्व्हेटसने मांडला, तोही एका धर्मशास्त्रीय ग्रंथात. त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला जिनिव्हात त्याला जिवंत जाळण्यात आले. रक्ताविषयी सत्य सांगितले म्हणून तो जाळला गेला, असे वारंवार लिहिले जाते. ते खरे नाही. आरोप त्रैक्य नाकारल्याचा होता. १५५९ मध्ये रेआल्दो कोलंबोनेही फुप्फुसांचा मार्ग वर्णिला. तरीही हे सारे अर्ध्याच वाटेचे ज्ञान होते. उरलेल्या शरीरात रक्त कसे फिरते, हा प्रश्न तसाच राहिला.

हार्वे पादुआत शिकत असताना त्याचा गुरू फाब्रिसियस शिरांतील झडपांचा अभ्यास करीत होता. गुरूच्या मते या झडपा रक्ताचा वेग आवरतात, म्हणजे ते हातापायांत साचत नाही. झडपा हृदयाच्या दिशेनेच उघडतात, यातले मर्म शिष्याच्या ध्यानी आले. या झडपांनीच आपल्याला अभिसरणाची कल्पना सुचवली, असे उतारवयात त्याने रॉबर्ट बॉइलला सांगितले.

आता तो गुणाकार. मृतदेहाच्या डाव्या जवनिकेत हार्वेला दोन औंसांहून अधिक रक्त आढळले होते. त्याने हात आखडून धरला: प्रत्येक ठोक्याला अर्धाच औंस बाहेर पडतो असे समजू. अर्ध्या तासात ठोके हजारच धरू. तरी होतात ५०० औंस, म्हणजे चौदा-पंधरा किलो! इतके रक्त सबंध देहात नसते. मग जेवणातून दर अर्ध्या तासाला ते नव्याने कोठून उत्पन्न होणार? तेच रक्त पुन्हा पुन्हा फिरत असले पाहिजे. आकडे चुकीचे आहेत ही तक्रार येथे चालत नाही. ते मुद्दाम कमी धरले होते, खरे आकडे घेतले तर गेलनची बाजू आणखीच लंगडी पडते.

गणिताला त्याने प्रयोगाची जोड दिली. दंडाला पट्टी करकचून आवळली की हात गार पडतो, मनगटाची नाडी थांबते. पट्टी किंचित सैल केली की खोलवरच्या धमन्या मोकळ्या होतात, वरवरच्या शिरा मात्र दाबलेल्याच राहतात आणि पट्टीच्या खालच्या बाजूस टरारून फुगतात. रक्त धमन्यांनी येते, शिरांनी परतते. एक दुवा तेवढा राहिला: धमनीतून शिरेत ते जाते कसे? मांसातील सूक्ष्म रंध्रांतून, असे अनुमान करून हार्वे थांबला.

पुस्तिकेच्या अर्पणपत्रिकेत त्याने हृदयाला देहाचा राजा आणि चार्ल्सला राज्याचे हृदय म्हटले. १६४९ मध्ये इंग्रजांनी त्या हृदयाचे शिर उडवले. राज्य मात्र चालू राहिले. यादवीच्या धामधुमीत हार्वेचे निवासस्थान लुटले गेले आणि कीटकांच्या उत्पत्तीवरील त्याची टिपणे नष्ट झाली. पुस्तिका निघाल्यावर त्याच्याकडे येणारे रुग्ण घटले, असे जॉन ऑब्रेने नोंदवले आहे. पॅरिसचा झाँ रिओलाँ तर अखेरपर्यंत गेलनच्या बाजूने भांडत राहिला.

हार्वे १६५७ मध्ये निवर्तला. चारच वर्षांनी मार्चेल्लो माल्पिगीला सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या फुप्फुसात केशवाहिन्या दिसल्या आणि तो दुवा जुळला.

रुग्णाच्या खाटेपर्यंत मात्र हे ज्ञान पोहोचायला फार वेळ लागला. साचलेले, दूषित रक्त काढून टाकावे या गेलनच्या उपचाराचा पायाच ढासळला होता. तरीही रक्तमोक्षण चालू राहिले, खुद्द हार्वेही ते करीत असे. १७९९ च्या डिसेंबरात जॉर्ज वॉशिंग्टनचा घसा सुजला, तेव्हा एका दिवसात चार वेळा त्याचे रक्त काढण्यात आले. त्याच रात्री तो मरण पावला.