वसईत पाहावे काय व चाखावे काय

ज्युबिलीचा उत्सव म्हटला म्हणजे दूरदूरचे आप्तइष्ट गावी येणार, आणि प्रत्येक घरी एक गोड चिंता उत्पन्न होणार: पाहुण्यांस दाखवावे काय, आणि त्यांच्या ताटात वाढावे काय? परगावी वाढलेल्या आमच्याच मुलाबाळांनाही आता वसई समजावून सांगावी लागते. म्हणून ह्या स्मरणिकेत वसईच्या काही आवडत्या जागांचा व जिनसांचा इतिहास थोडक्यात मांडण्याचे आम्ही योजिले आहे. मौजेची सफर म्हणून वाचकांनी त्याकडे पाहावे, यास आमची हरकत नाही. मात्र वाटेत एक गोष्ट ध्यानी ठेवावी. ह्या भूमीवर जे भक्कम दगडाने बांधिले ते पडले, आणि जे पिढ्यानपिढ्या हातांनी जोपासिले ते टिकले.

पाहुण्यांस पहिल्याने किल्ल्यात न्यावे. २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातचा सुलतान बहादुरशहा ह्याने तह करून वसई पोर्तुगिजांच्या स्वाधीन केली. त्यानंतर दोनशे वर्षे खाडीच्या मुखाशी हे नगर वैभवाने नांदले. तटाच्या आत सरदारांचे वाडे होते, आणि फ्रान्सिस्कन, येशूसंघीय, डॉमिनिकन व ऑगस्टिनियन ह्या संघांचे मठ व मंदिरे होती. संत फ्रान्सिस झेवियर ह्यांचे पाय ह्या भूमीस लागले आहेत. संत जोसेफ ह्यांच्या मुख्य मंदिराच्या दारावरील शिलालेखात १६०१ हे साल व गोव्याचे आर्चबिशप मेनेझिस ह्यांचे नाव कोरिलेले आहे. आज छप्पर नाही, वेदी नाही; मनोरा तेवढा उभा आहे. फ्रान्सिस्कन संघाच्या मंदिरात पायांखाली जुन्या थडग्यांच्या शिळा लागतात. पोरांना तेथे धावू देण्यापूर्वी क्षणभर उभे करून सांगावे की, ही माणसे एके काळी ह्या नगराची धनी होती.

१७३९ साली चिमाजी आप्पांच्या सैन्याने किल्ल्यास वेढा घातला. सुरुंगांनी बुरूज फुटले, दोहों पक्षांचे पुष्कळ लोक पडले, आणि मे महिन्यात किल्ल्याने शरणागती पत्करिली. तहान्वये पोर्तुगीज शिबंदीस सन्मानाने बाहेर पडू दिले गेले, व जे ख्रिस्ती मागे राहतील त्यांस आपल्या धर्माचरणाची मोकळीक मिळाली. मंदिरांच्या कित्येक घंटा मात्र विजयचिन्हे म्हणून घाटावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील सुप्रसिद्ध घंटा, जिच्यावर १७२१ हे साल आहे, ती वसईचीच असे मानितात. मोठ्या आवाजाच्या माणसास लोक ‘नारोशंकराची घंटा’ म्हणतात, तेव्हा आमच्याच एखाद्या देवळाचा आवाज त्यांच्या तोंडी असतो, हे फारच थोड्यांस ठाऊक असेल.

किल्ला सोडण्यापूर्वी येशूच्या पवित्र नावाच्या जुन्या मंदिराकडे वळावे. वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया ह्यांचा सण येथे होतो. त्यांचे वडील पोर्तुगीज व माता ह्याच मुलखातील. ते येशूसंघीयांबरोबर जपानात गेले, काही काळ त्यांनी व्यापार केला, आणि पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात बंधू झाले. जपानी भाषा उत्तम येत असल्यामुळे ते धर्मगुरूंचे दुभाषी होते. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर त्यांना हौतात्म्य आले, आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस ह्यांनी त्यांना संतपद दिले. हिंदभूमीत जन्मलेल्यांपैकी संतपदास पोहोचलेले ते पहिले. ज्या नगराने त्यांना जन्म दिला त्याचे तट ढासळले. त्यांचे नाव मात्र आजही आमच्या मुलांस बाप्तिस्म्यात मिळते.

आता कोणी विचारील, नगर ओस पडले, परदेशी धर्मगुरू निघून गेले, मग श्रद्धा कोणी राखिली? ती राखिली वाड्यांनी. कुपारी, वाडवळ, कोळी अशा नाना समाजांतील कुटुंबे आपल्या वाडीतून हलली नाहीत. गोव्याकडील धर्मगुरूंनी त्यांची सेवा केली, आणि सांजवेळी घराघरांतून रोझरी चालूच राहिली. ‘कुपारी’ हा शब्दच पोर्तुगीज ‘कोंपाद्र’ ह्या शब्दापासून आला, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी जडणाऱ्या नात्यापासून आला, असे सांगतात. नात्याचे नाव समाजास पडले, ह्याहून अधिक शोभेचे काय असणार?

किल्ल्याकडून निघावे व पापडीस यावे. २२ मे १९९८ रोजी मुंबईच्या महाधर्मप्रांतातून वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, तेव्हा येथील कृपामातेचे देऊळ त्याचे मुख्य मंदिर ठरले. पण पापडीचे नाव सर्वतोमुखी आहे ते तिच्या आठवड्याच्या बाजारामुळेही. पावसाळ्यापूर्वी ह्या बाजारात सुके बोंबील, सोडे व सुकट ह्यांच्या खरेदीस जी झुंबड उडते, ती पाहण्याजोगी असते. कोळणीशी भाव केल्यावाचून घेतलेली मासळी आमच्या आजीबाईंस गोड लागत नसे. बाजारात जातीचा, धर्माचा वा बोलीचा भेद उरत नाही. एकीची बोली सामवेदी, दुसरीची वाडवळी, तिसरीची कोळी, आणि हिशेब तिघींचा चोख. १८६४ साली मुंबईपर्यंत आगगाडी सुरू झाली, तेव्हापासून ह्याच बायांच्या टोपल्यांतून वसईची भाजी, फुले व केळी मुंबईस पोहोचू लागली. किती घरांची शिक्षणे ह्या टोपल्यांनी पुरी केली, ह्याचा हिशेब कोणत्याही वहीत सापडावयाचा नाही.

बाजारातून येतो तो थेट स्वयंपाकघरात जातो. म्हणून येथे ताटाचा विषय काढणे योग्य होईल. मिरची, बटाटा, पपई, पेरू, अननस, काजू ह्या वस्तू अमेरिकेतील. पोर्तुगिजांच्या गलबतांनी त्या आमच्या किनाऱ्यास लागल्या. ‘पाव’ व ‘बटाटा’ हे शब्द तर आम्ही त्यांच्याच तोंडून उचलिले. सणाच्या दिवशी रांधले जाणारे इंद्याल हे मुळात ‘विन्या द आल्युश’, म्हणजे द्राक्षासव व लसूण ह्यांत मुरविलेले मांस. आमच्या बायांनी त्यात आपली मिरची व आपले मसाले घातले, शिरका आपल्या पद्धतीने वापरिला, आणि परक्याचा पदार्थ असा काही आपलासा केला की मूळ धन्यास तो ओळखता येऊ नये. फुग्यांचे पीठ पूर्वी ताडीने फुगवीत. लग्नाच्या मांडवात त्या तळल्या जाऊ लागल्या म्हणजे वास साऱ्या वाडीस आमंत्रण देई. त्यांच्याच पंक्तीस तांदळाची भाकर, ताजी मासळी व वाडवळांची उकडहंडी ही येथली मूळची मंडळी बसलेली असतात. आमच्या श्रद्धेचेही असेच झाले, असे आम्हांस वाटते. बीज बाहेरून आले, पण ते मराठी मातीत रुजले व मराठी बोलीत प्रार्थना करू लागले.

पापडीहून उत्तरेस निर्मळ लागते. तेथे विस्तीर्ण तळे आहे, हिंदू बंधूंचे प्राचीन तीर्थ आहे, आणि जवळच पवित्र क्रुसाचे देऊळ आहे. पोर्तुगीज अमलात येथील देवालयांचा विध्वंस झाला, व मराठी अमलात त्यांचा जीर्णोद्धार झाला. इतिहासाचे हे पान आम्ही झाकून ठेवीत नाही; सत्य सांगितल्याने शेजारधर्म दुबळा होत नाही. कार्तिकात निर्मळची जत्रा भरते, तीत दोन्ही धर्मांची माणसे फिरतात, आणि घरी परतताना हातात एकच वस्तू असते, ती म्हणजे सुकेळी.

सुकेळी म्हणजे वसईच्या केळीचे सोनेच म्हणावे. त्यासाठी राजेळी जातीचे केळे लागते. पिकलेली केळी सोलून अनेक दिवस उन्हात सुकवितात, आणि मधासारखा रंग आला म्हणजे केळीच्या वाळल्या पानात गुंडाळून बांधितात. साखर नाही, तेल नाही; ऊन, वारा आणि माणसाचा धीर एवढेच त्यात असते. ह्या कामी आगाशी गावाची ख्याती फार जुनी. त्याच आगाशीस दुसरीही एक चीज आहे, ती म्हणजे भुजिंग. निखाऱ्यावर भाजलेली कोंबडी मसाला, बटाटे व पोहे ह्यांत कालवून ते करितात. १९४० च्या सुमारास त्याचा प्रघात पडला असे सांगतात. भुजिंग खाऊन अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर जावे व समोरील बेटावरचा किल्ला पाहत संध्याकाळ घालवावी. ह्याहून स्वस्त व निर्मळ सुख आम्हांस माहीत नाही.

इतके दाखविल्यावर पाहुण्यांस आणखी एक जागा दाखवावी. ती म्हणजे बावखल. ते बांधीव विहिरीसारखे नव्हे, आणि मोठ्या तळ्यासारखेही नव्हे. वाडीत खणलेले, कच्च्या काठांचे ते पाण्याचे खोलगट. पावसाचे पाणी त्यात साचते, हळूहळू मुरते, आजूबाजूच्या विहिरी गोड ठेविते, आणि समुद्राचे खारे पाणी जमिनीखालून पुढे सरकू देत नाही. बावखल आहे म्हणून विहीर आहे. विहीर आहे म्हणून केळ आहे. केळ आहे म्हणून सुकेळी आहे. ह्या साखळीत कोणताही शिलालेख नाही, परंतु वसईचा खरा तट हाच होय.

हा तट आज खचत आहे. कित्येक बावखले भरावाखाली गेली, पाणी उपसून विकले गेले, बागा उठल्या व त्यांच्या जागी इमारती आल्या. राजेळीची लागवड घटली, आणि सुकेळी करणारी घरे मोजकीच उरली. कै. फादर फ्रान्सिस दिब्रिटो, जे २०२० साली मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते व २०२४ साली प्रभुचरणी विलीन झाले, त्यांनी हरित वसईच्या चळवळीत हाच धोका पुकारून सांगितला. धर्मगुरूने पाण्यासाठी व झाडांसाठी रस्त्यावर का यावे, असे तेव्हा काहींना वाटले. त्याचे उत्तर पवित्र शास्त्रातच आहे.

ज्युबिली हा शब्द आम्ही आज मिस्सा, मिरवणूक व मेजवानी ह्यांस लावितो. मूळ ज्युबिली लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात आहे. त्या पन्नासाव्या वर्षी भूमीस विश्रांती द्यावयाची, विकलेली वतने मूळ कुटुंबास परत करावयाची, आणि भूमी परमेश्वराची असून आपण तिच्यावरील पाहुणे आहो, हे मनात आणावयाचे. हा अर्थ मनात धरिला तर ज्युबिलीवर्षात करावयाचे काम उघड आहे. ज्यांच्या वाडीत बावखल आहे त्यांनी ते बुजवू नये. ज्यांचे बुजत आले असेल त्यांनी गाळ काढून ते मोकळे करावे. ज्या आजीस सुकेळी करता येते तिच्यापाशी एका नातीने तरी बसून ती शिकावी. आणि प्रत्येक कुटुंबाने परसात राजेळीचा एक कोंब लावावा. पोर्तुगिजांचा किल्ला राखणे आमच्या पूर्वजांच्या हाती नव्हते. ही वाडी राखणे मात्र आमच्या हाती आहे. संत गोन्सालो गार्सिया ह्यांच्या मध्यस्थीने प्रभु येशू ख्रिस्त आम्हांस ती बुद्धी व ते बळ देवो.