ग्रंथातून गळालेली माणसं

10 एप्रिल 1563 रोजी गोव्यात जोआंव द एंदेम नावाच्या मुद्रकाने एक पोर्तुगीज पुस्तक छापून हातावेगळं केलं. हिंदुस्थानात छापखाना येऊन तेव्हा जेमतेम सात वर्षं झाली होती आणि ते नवखेपण पुस्तकाच्या पानापानावर दिसतं. चुका इतक्या, की शेवटी लांबलचक शुद्धिपत्र जोडावं लागलं. लेखक होता गार्सिया द ओर्ता हा वैद्य, आणि विषय होता हिंदुस्थानातली औषधी द्रव्यं, मसाले आणि फळं. जवळजवळ साठ संवादांच्या या पुस्तकात हिंग, अफू, भांग, फणस, आंबा, बोर, धोतरा यांच्यावर दोन मित्र बोलत बसलेले असतात. मधूनच घरची दासी एखादी डहाळी घेऊन येते, कुणी रोगी बोलावणं धाडतो, मुंबईहून आंब्यांची करंडी येते. चारच वर्षांनी, 1567 मध्ये, अँटवर्पच्या प्लांतँ या नामांकित छापखान्यातून याच पुस्तकाचा लॅटिन संक्षेप बाहेर पडला. तो नेटका, सचित्र आणि शुद्ध होता. पण त्यात ना दासी होती, ना करंडी, ना गप्पा. युरोपने पुढची तीन शतकं वाचला तो हा संक्षेप. साम्राज्यांच्या काळात आशियाविषयी जे विद्वत्तापूर्ण ग्रंथ झाले, त्यांचं वजन नुसत्या नव्या माहितीतून आलेलं नाही. ती माहिती ज्यांच्या तोंडून मिळाली ती माणसं पुसली गेल्यामुळेही ते वाढलं, असं माझं म्हणणं आहे. गोव्याहून अँटवर्पला जाताना ओर्ताच्या पुस्तकाचं काय झालं, त्यात हे जितकं स्वच्छ दिसतं तितकं क्वचितच दुसरीकडे दिसत असेल.

आधी ओर्ता कोण ते पाहू. स्पेनमधून 1492 साली हाकलल्या गेलेल्या ज्यूंच्या वंशात पोर्तुगालमध्ये त्याचा जन्म झाला. घराण्यावर ख्रिस्ती धर्म लादला गेलेला होता. सालामांका आणि आल्काला इथे शिकून त्याने लिस्बनच्या विद्यापीठात काही काळ अध्यापन केलं, आणि 1534 मध्ये मार्तिम आफोन्सो द सौझा याचा वैद्य म्हणून तो गोव्याला आला तो परत गेला नाही. तो दवाखाना चालवी, शिवाय औषधी द्रव्यांचा व्यापारही करी. मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होतं. तिथलं एक आंब्याचं झाड वर्षातून दोनदा फळतं, असं तो पुस्तकात मोठ्या कौतुकाने सांगतो. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाशी त्याची दोस्ती होती आणि त्या दरबारातल्या हकिमांशी तो इब्न सीनाच्या मतांवर वाद घाली. म्हणजे हा माणूस रोज चार भाषांच्या गर्दीत वावरणारा होता. गोव्याच्या बाजारातला दलाल, घाटावरचा वैद्य, खुरासानी हकीम, केरळातून आलेला व्यापारी, या सगळ्यांकडून तो एकाच वस्तूची नावं गोळा करतो आणि ती एकापुढे एक मांडतो. फणसाला मलबारात काय म्हणतात आणि कोकणात, गुजरातेत काय, हे आधी सांगायचं आणि मग गुणधर्मांकडे वळायचं, अशी त्याची रीत आहे.

या रीतीचा सगळ्यात बोलका नमुना म्हणजे पटकीवरचा संवाद. ग्रीक-लॅटिन वैद्यकात या रोगाला काय म्हणतात ते ओर्ता सांगतो, अरबी नाव सांगतो, आणि मग म्हणतो की इथले लोक याला 'मोर्शी' म्हणतात, आम्ही पोर्तुगीज ते बिघडवून 'मोर्देशी' म्हणतो. ही आपली मोडशी. मोडणे या क्रियापदावरून आलेला, आजही पोट बिघडलं की घराघरांत ऐकू येणारा शब्द. अवघ्या काही तासांत माणसाला आडवा करणारा आजार विद्यापीठातल्या पुस्तकांत वाचलेल्या आजाराहून फार उग्र आहे, हे ओर्ता रोग्याच्या उशाशी बसून पाहतो आणि देशी उपचार काय करतात तेही नोंदवतो. पुढे या शब्दाचं जे झालं ते मासलेवाईक आहे. पोर्तुगीजांकडून तो फ्रेंचांकडे गेला आणि तिथे त्याचा 'मोर द शियँ', म्हणजे कुत्र्याचं मरण, असा अर्थ लावला गेला. शब्द राहिला, तो बोलणारे गेले, आणि रिकाम्या जागी ऐकणाऱ्याने आपला अर्थ भरला. ग्रंथांचंही फारसं वेगळं झालं नाही.

लॅटिन संक्षेप करणारा शार्ल द लेक्लूज, विद्वानांच्या जगातला क्लूसियस, हा सोळाव्या शतकातला अव्वल वनस्पतिशास्त्रज्ञ. 1564 मध्ये इबेरियाच्या प्रवासात त्याच्या हाती हे पुस्तक पडलं. त्याचं मोल त्याला लगेच कळलं, हे त्याचं मोठेपण. पण संवाद त्याला अडगळ वाटला. त्याने तो मोडून सलग निबंध केले, प्रकरणांचा क्रम बदलला, औषधाशी थेट संबंध नसलेला मजकूर कापला, चित्रं आणि आपल्या टिपा घातल्या. ओर्ताच्या पुस्तकात बोरांवरची गोष्ट दख्खनच्या राजांवर घसरते. धोतऱ्याच्या प्रकरणात, कुणाच्या तरी घरी धोतरा खाऊ घालून चोरी झाल्याची वर्दी येते. व्यवस्थित ग्रंथात अशा गोष्टींना जागा नसते. अंतोनिया ही ओर्ताची दासी. हाक मारली की ती झाडपाला आणून दाखवते, विचारलं तर उत्तर देते. मालुपा हा हिंदू वैद्य एका संवादात येऊन निशोत्तराच्या रेचकाबद्दल बोलतो. लॅटिन निबंधात बोलणारा एकच उरतो आणि तो कुणाचंही नाव न घेता सांगतो की अमुक वनस्पतीचा गुण अमुक आहे.

यावर पहिला आक्षेप असा की संवाद हा त्या काळच्या युरोपातला ठरलेला वाङ्मयप्रकार होता. ओर्ताचा पाहुणा रुआनो हाच मुळात काल्पनिक. मग अंतोनिया आणि मालुपा खरे कशावरून? आक्षेप रास्त आहे. ती बैठक तशीच झाली असं कुणीच म्हणू नये. पण इथे एक गोष्ट ओर्ताने स्वतःच सांगून ठेवली आहे: हे पुस्तक त्याने आधी लॅटिनमध्ये रचलं होतं, आणि इथे राहणाऱ्या सगळ्यांना वाचता यावं म्हणून मग ते पोर्तुगीजमध्ये आणलं. म्हणजे लॅटिन त्याला येत नव्हतं असं नाही. ते त्याने जाणून सोडलं. आणि एकदा संवाद म्हटला की प्रश्न येतोच: तुला हे कुणी सांगितलं? रुआनो तो वारंवार विचारतो, कारण तो सालामांकाच्या पोथ्या घेऊन नुकताच बोटीतून उतरलेला आहे. उत्तरादाखल ओर्ताला साक्षीदार उभे करावे लागतात. पात्रं बनावट असली तरी त्यांच्या तोंडची नावं बनावट नाहीत. मोडशी हा शब्द कुणी सालामांकात बसून रचू शकला नसता. क्लूसियसने ती कल्पित बैठक मोडली तेव्हा तिच्याबरोबर तो प्रश्नही गेला.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. ओर्ताला देशी ज्ञानाचा कैवारी करू नका, असं कुणी म्हटलं तर मी निम्मा मान्य करीन. तो दासी बाळगणारा व्यापारी होता. इथले वैद्य अनुभवावर आणि परंपरेवर चालतात, शरीरात कुठे काय आहे ते त्यांना ठाऊक नसतं, असं तो तुच्छतेने लिहितो. आणि लगेच कबूलही करतो की आपल्या औषधाने गुण आला नाही तर आपण त्यांचं औषध देतो. ज्वरात मूग द्यायची दख्खन-गुजरातची पद्धत तो नोंदवतो. रिचर्ड ग्रोव्ह या इतिहासकाराने 1995 च्या आपल्या ग्रंथात ओर्ताच्या पुस्तकाला मुळात देशी ज्ञानाचा ग्रंथ मानलं. मला ते अर्धंच पटतं. अहमदनगरच्या दरबारात शाह ताहिरच्या काळापासून इराणी विद्वानांची वर्दळ होती. तिथलं वैद्यक निव्वळ 'देशी' म्हणावं तर त्यात इब्न सीना आहे, आणि इब्न सीनात पुन्हा ग्रीक आहेत. तेव्हा युरोप एका बाजूला आणि देशी ज्ञान दुसऱ्या बाजूला अशी साधी वाटणी इथे लागूच पडत नाही. सोळाव्या शतकातलं दख्खन हे स्वतःच एक विद्यापीठ होतं, फक्त त्याच्या पदव्या कुणी दिल्या नाहीत. माझा मुद्दा ओर्ताच्या मनाच्या मोठेपणाचा नाहीच. तो त्याच्या पुस्तकाच्या घडणीचा आहे. मन कोतं असूनही घडणीने त्याला साक्षी उभे करायला लावलं.

क्लूसियस नसता तर ओर्ता उरलाच नसता, असंही म्हणता येईल. खरं आहे. पोर्तुगीज मूळ 1872 पर्यंत पुन्हा छापलं गेलं नाही, आणि खुद्द गोव्यात ओर्ताचं नाव घेणं जड झालं होतं. ज्या पुस्तकावर गोव्याच्या इन्क्विझिशनच्या न्यायाधीशाचं, आलेइशो दियाश फाल्कांवचं, मान्यतेचं नाव आहे, त्याच पुस्तकाचा लेखक 1568 मध्ये वारल्यावर पुढच्याच वर्षी, 25 ऑक्टोबर 1569 ला, त्याची बहीण कातारिना गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून जिवंत जाळली गेली. 1580 मध्ये ओर्ताची हाडं उकरून तीही जाळली. तेव्हा अँटवर्पने पुस्तक वाचवलं हे निर्विवाद. पण वाचवणं आणि माणसं गाळणं या दोन गोष्टी एकत्र व्हायलाच हव्या होत्या का? शंभर वर्षांनी कोचीनच्या डच अधिकाऱ्याने, व्हान ऱ्हेडेने, मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ग्रंथ काढला. 1678 च्या पहिल्या खंडात त्याने इट्टी अच्युतन या वैद्याचं मलयाळी लिपीतलं आणि रंगभट, विनायक पंडित, आपूभट या तिघा कोकणी ब्राह्मणांचं नागरीतलं प्रतिज्ञापत्र जसंच्या तसं छापलं. गोवा सोडून कोचीनला गेलेल्या समाजातले हे तिघे. ही माहिती आपण निघंटूंतून आणि वनस्पतींवरून दिली, असं ते आपल्या अक्षरात सांगतात. ॲमस्टरडॅमला नागरी अक्षरं छापायची सोय नव्हती, म्हणून तो मजकूर तांब्याच्या पत्र्यावर कोरून घ्यावा लागला. ते सोपं नव्हतं, पण अशक्यही नव्हतं. ज्याला साक्षीदार ठेवायचे होते त्याने ठेवले.

ओर्ताचं पुस्तक इंग्रजीत 1913 साली क्लेमंट्स मार्कमने आणलं, संवादांसकट. कुणी ते मराठीत पूर्ण आणायला बसला तर त्याला दोनच विनंत्या: अंतोनियाची एकही हाक कापू नका, आणि 'मोर्शी'ला तळटीप देऊ नका, सरळ मोडशी म्हणा.