विरघळणारा आधार

मोडलेले हाड जुळते; पण सांध्यातली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचे ते गुळगुळीत अस्तर, एकदा नष्ट झाली की पुन्हा भरून येत नाही, असे विल्यम हंटर याने १७४३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे सांगितले. कूर्चेत रक्तवाहिन्याच नाहीत. मग दुरुस्तीचे सामान पोचावे कोणत्या वाटेने?

या कोड्याच्या उत्तराचा आरंभ झाला एका दोऱ्यापासून. पूर्वी रक्तवाहिनी रेशमाने बांधीत, दोऱ्याचे टोक जखमेबाहेर ठेवीत आणि तेथे पू धरे. जोसेफ लिस्टरने मेंढीच्या आतड्याचा दोरा कार्बोलिकने शुद्ध करून वासराच्या धमनीला बांधला. महिन्याने पाहतो तो काय, दोऱ्याच्या जागी जिवंत ऊतीचे कडे! हा प्रयोग त्याने १८६९ साली प्रसिद्ध केला.

वाचकहो, गवंडी कमान बांधताना खाली लाकडी कलबूत देतो आणि कमान पक्की झाली की ते काढून घेतो. हाडातली धातूची पट्टी काढायची तर पुन्हा शस्त्रक्रिया आली. कलबूत आपोआप विरून गेले तर? १९८४ साली हेलसिंकीच्या शल्यवैद्यांनी मोडलेल्या घोट्यात विरघळणाऱ्या काड्या बसविल्या. काही रोग्यांच्या जखमेतून पाणी झिरपले. मग अधिक सावकाश विरणारे पदार्थ आले. स्वीडनमध्ये रोग्याच्याच कूर्चापेशी वाढवून त्या गुडघ्यात सोडल्या गेल्या. २३ रोग्यांचा वृत्तांत १९९४ साली छापून आला. पुढे अशा पेशींना वस्तीसाठी सच्छिद्र, विरघळणारे जाळे मिळाले. आणि रेशमाचे दैव पाहा! जखमेत छळणाऱ्या त्याच रेशमातील फायब्रॉइन या प्रथिनापासून पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत असे सच्छिद्र साचे घडविले गेले.

मात्र हा उपाय मर्यादित जखमेचा. सगळा सांधाच झिजला, तर अजूनही धातूच्या सांध्याकडेच वळावे लागते.

आमच्या मानोरा तालुक्यात कापूस वेचणारी बाई दिवसभर वाकते आणि पोहरादेवीचा यात्रेकरू कोसच्या कोस चालतो. गुडघा हेच त्यांचे भांडवल. हंटरचे कोडे सुटू लागले, हे खरेच. परंतु ते उत्तर त्या बाईच्या गुडघ्यापर्यंत पोचेल, तेव्हाच हा इतिहास पुरा झाला म्हणायचा.