मळसूत्राचें गणित



घरांतील कुड्यांच्या मागें जी इवलीशी फिरकी असते, ती आपण कधीं निरखून पाहिली आहे काय? सोनारानें हातानें आटे पाडलेली फिरकी ज्या कुडीची असेल तिलाच बसते. दुसरीला ती बसेलच असें नाहीं. सव्वादोनशें वर्षांपूर्वीं जगांतील बहुतेक मळसूत्रांची हीच अवस्था होती. यंत्र उघडतांना कोणता नट कोणत्या बोल्टचा, याची खूण करून ठेवावी लागे. खूण पुसली कीं कारागीर हवालदिल.

या अवस्थेंतून सुटका करणारा लेथ लंडनच्या हेन्री मॉडस्लेनें १८०० सालाच्या सुमारास उभा केला. लेथ म्हणजे आपल्या कातारी लोकांच्या साधनाचा लोखंडी भाऊबंद. मॉडस्लेची युक्ति अशी : सळई ज्या दंडाबरोबर फिरते, त्या दंडाला दंतचक्रांनीं एक लांब मळसूत्र जोडावयाचें, आणि त्या मळसूत्रानें हत्याराचा गाडा सरकवावयाचा. दंडाचा एक फेरा झाला कीं गाडा ठराविक अंतरच पुढें जातो. दंड मंदावला तर गाडाही मंदावतो. त्यांची ताटातूट होऊंच शकत नाहीं. चक्रें बदललीं म्हणजे आट्यांमधील अंतर बदलतें. श्रोत्यांपैकीं चाणाक्ष कोणी विचारील कीं, हें पहिलें लांब मळसूत्र कशावर केलें? तिरपें धरलेलें पातें मऊ दंडगोलावर टेकवून मॉडस्लेनें प्रथम रेघ उमटविली, आणि तीवरून पुढचीं मळसूत्रें अधिकाधिक शुद्ध करीत नेलीं.

मॉडस्लेच्या कारखान्यांत काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थनें १८४१ सालीं निरनिराळ्या कारखान्यांतील बोल्ट जमवून, त्यांचीं मापें घेऊन एक सर्वमान्य पद्धति सुचविली. आट्याचा कोन ५५ अंश, माथा गोल, आणि अर्ध्या इंची बोल्टला इंचांत १२ आटे. रेल्वे १८६७ मध्यें नागपुरास आली, जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजीं येथें सुरू झाली. त्या विलायती यंत्रांबरोबर इंचाचा संसारही आला. गिरणी बंद पडली, पण इंचाच्या आठव्या भागाला ‘सूत’ म्हणणारा आणि अर्ध्या इंची बोल्टला ‘चार सुती’ म्हणणारा फिटर अजून भेटतो.

आपल्या मराठी माणसाचा संबंध येथें येतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधील शिक्षकी सोडून बेळगांवीं आले. सायकलींचें दुकान, मग कडबा कापण्याचें यंत्र, १९०३ मध्यें लोखंडी नांगर, आणि १९१० मध्यें औंध संस्थानांत कुंडलजवळच्या माळावर कारखाना, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. लोखंडानें जमीन विषारी होते अशा समजुतीनें शेतकरी तो नांगर घेईनात, हेंही आपण ऐकलें असेल. पण महायुद्धाच्या ऐन धामधुमींत, १९४१ सालीं, याच घराण्यानें हरिहर येथें म्हैसूर किर्लोस्कर हा कारखाना काढला आणि तेथें लेथ बनूं लागले, याचा उल्लेख क्वचितच होतो. नांगराची कीर्ति झाली, लेथची झाली नाहीं, हें मला अन्यायाचें वाटतें. नांगर शेत नांगरतो. लेथ मात्र दुसरीं यंत्रें घडवितो.

आतां रामदासपेठेंतील एका जुन्या घराकडे वळूं. तेथील विहिरीवरच्या पंपाचा एक चार सुती बोल्ट झिजला. दुकानांतून आणलेला अर्ध्या इंची बोल्ट दोन-तीन फेरे सहज गेला आणि मग अडला. घरच्या एका उत्साही गृहस्थांनीं पान्ह्याला जोर लावला असता, तर बिडाच्या कवचांतले आटे कायमचे गेले असते, आणि त्या कवचाची जोड आज कोठेंही मिळत नाहीं. मी त्यांचा हात धरला. बोल्ट अमेरिकन जातीचा होता. फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्सनें १८६४ सालीं कोन ६० अंशांचा सुचविला होता आणि त्या पद्धतींत अर्ध्या इंची बोल्टला इंचांत १३ आटे असतात. हा एका आट्याचा भेद दुसऱ्या महायुद्धांत दोस्त सैन्यांनाही भोंवला, आणि १९४८ मध्यें इंग्लंड, अमेरिका व कानडा यांनीं समझोता केला. आपल्याकडे १९५६ च्या कायद्यानें मिलिमीटर आला.

त्या घरांतील चिरंजीवांपाशीं संगणकानें चालणारा एक लहानसा लेथ होता. त्यांत दंतचक्रांची माळ नाहीं. दंडाच्या प्रत्येक फेऱ्याला एक खूण संगणकास पोंचते, आणि संगणक गाड्याची मोटर चालवितो. इंचांत १२ आटे म्हणजे फेऱ्याला २.११६७ मिलिमीटर. जुन्या लेथवर इंचाच्या मळसूत्रानें मिलिमीटरचे आटे पाडावयाचे तर १२७ दांत्यांचें चक्र हुडकावें लागे. येथें आंकडा लिहिला कीं झालें!

पण पहिला बोल्ट बिघडला. दंड मिनिटाला ३०० फेरे घेत होता, म्हणून संगणकानें गाड्याला मिनिटाला ६३५ मिलिमीटरचा वेग दिला. हत्यार पोलादांत घुसतांच लहान मोटर दमली, दंड २८५ वर आला. गाड्याला मात्र त्याची वार्ता नाहीं. अंतर २.२३ झालें. बारा आट्यांत चूक सव्वा मिलिमीटरच्या वर, म्हणजे अर्ध्या आट्याहून अधिक! मॉडस्लेच्या चक्रांत ही चूक संभवलीच नसती.

अमेरिकेंत १९५२ सालीं मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेनें जॉन पार्सन्सच्या कल्पनेवरून छिद्रांच्या फितीनें चालणारें यंत्र दाखविलें. या लेथचा पूर्वज तोच. मोठ्या यंत्रांत दंडाच्या एका फेऱ्याचे शेंकडों-हजारों भाग पाडून प्रत्येक भागाची वर्दी संगणकास मिळते, म्हणून गाडा दंडाला सोडीत नाहीं. आम्हीं दंडावर तसा मोजक बसविला, आणि १.३६ मिलिमीटरची खोली एकदम न घेतां अनेक हलक्या फेऱ्यांत घेतली, हत्यार आट्याच्या एकाच बाजूनें कापील असें तिरपें सरकवीत. शेवटचे दोन फेरे खोली न वाढवितां दिले.

दुसरा बोल्ट पंपांत बोटांनींच फिरत गेला. पान्हा लागला तो शेवटच्या आवळणीस. चिरंजीवांनीं त्याच्या जोडीला आणखी तीन करून ठेवले आहेत.