सकस आणि निकस : सोलापूरच्या भाकरीचा इतिहास

मराठी समीक्षेत ‘सकस’ हे विशेषण इतके रुळले आहे की त्याचे मूळ शेतात आहे, याचा आपल्याला सहसा विसर पडतो. जमिनीचा कस जातो, धान्य निकस निघते, जनावराला सकस चारा लागतो. आणि तोच ‘कस’ लावून आपण कथा-कादंबऱ्यांचे मूल्य ठरवतो. ‘सत्त्व’ या शब्दाचेही तसेच. लहान मुलाला नाचणीचे सत्त्व भरवतात, आजाऱ्याला गुळवेलीचे सत्त्व देतात, आणि माणसावर कठीण प्रसंग आला की त्याची सत्त्वपरीक्षा होते. विसाव्या शतकात ‘व्हिटॅमिन’साठी मराठी प्रतिशब्द हवा होता, तेव्हा भाषेने याच शब्दाकडे वळून ‘जीवनसत्त्व’ घडवले. अन्नाचा गुण आणि माणसाची नीती यांसाठी एकच शब्द वापरणाऱ्या भाषेला काही जुना अनुभव असला पाहिजे. हा अनुभव कोणता, हे पाहायचे तर सोलापूर जिल्ह्याइतकी योग्य जागा क्वचितच सापडेल.

सोलापूर हा पर्जन्यछायेतला जिल्हा आहे. वर्षाची सरासरी पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या घरातली, तीही बेभरवशाची. पण इथली काळी जमीन ओल धरून ठेवते. सप्टेंबर-ऑक्टोबरात पाऊस झाला, की त्याच ओलीवर शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, येतो. मंगळवेढ्याला ज्वारीचे कोठार म्हणतात ते यामुळे. मोहोळच्या संशोधन केंद्रात १९३०च्या दशकात स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवड करून ‘मालदांडी ३५-१’ हा वाण सिद्ध झाला, आणि त्यानंतर कित्येक दशके दख्खनच्या रब्बी हंगामावर त्याचेच राज्य राहिले. अशा प्रदेशात परतीचा पाऊस चुकला, की सारे वर्षच चुकते. म्हणून सोलापूरचा इतिहास हा बव्हंशी दुष्काळांचा, आणि दुष्काळात कोणी कोणाला काय खाऊ घातले याचा इतिहास आहे.

या इतिहासाच्या आरंभी दामाजीपंत उभे आहेत. पंधराव्या शतकात बहामनी राजवटीच्या या अधिकाऱ्याने दुष्काळात मंगळवेढ्याची सरकारी कोठारे लोकांसाठी खुली केली, बिदरच्या दरबारातून बोलावणे आले, आणि विठू महाराच्या रूपाने पांडुरंगाने धान्याची भरपाई केली, असे परंपरा सांगते. महीपतींनी ‘भक्तविजया’त ही कथा सांगितली आणि कीर्तनकारांनी ती घरोघर नेली. चमत्कार बाजूला ठेवून कथा वाचली, तर तिच्यात एक गोष्ट ठळकपणे जाणवते. कोठार खुले करताना दामाजी कोणाला किती द्यायचे याचे मोजमाप करीत नाही. मोजमाप होते ते दरबारात, भरपाईच्या वेळी. ‘सत्त्व’ इथे दात्याचे आहे. धान्याचे सत्त्व काय, हा प्रश्न त्या काळाला पडलेला नाही. पोट भरणे हेच अन्नाचे माप होते.

धान्याचे माप हा शास्त्राचा आणि राज्यकारभाराचा प्रश्न झाला तो १८७६-७७ सालच्या दुष्काळात. १८७६चा परतीचा पाऊस गेला आणि मुंबई इलाख्यातील दख्खनचे जिल्हे होरपळून निघाले. सोलापूर त्यांत अग्रभागी होते. रस्त्यांची, तलावांची कामे निघाली. व्हाइसरॉय लिटन यांचे दुष्काळविषयक प्रतिनिधी म्हणून सर रिचर्ड टेंपल यांची नेमणूक झाली. या गृहस्थांचा पूर्वेतिहास लक्षात ठेवण्याजोगा आहे. १८७३-७४च्या बिहारच्या दुष्काळात त्यांनी ब्रह्मदेशातून तांदूळ आणवून सढळ हाताने वाटला होता. उपासमारीने फारसे मृत्यू झाले नाहीत, पण उधळपट्टीचा ठपका मात्र त्यांच्यावर आला. तो पुसून काढण्याची संधी त्यांना दख्खनमध्ये मिळाली. जानेवारी १८७७मध्ये त्यांनी ठरवले, की दिवसभर कष्ट करणाऱ्या पुरुषाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर किरकोळ रोकड एवढी मजुरी पुरेशी आहे. स्त्रिया आणि मुले यांना त्याहूनही कमी. एवढ्यावर माणूस जगतो की नाही, हे प्रयोगाने पाहावे, अशी त्यामागची भूमिका होती.

एक पौंड म्हणजे आजच्या मापाने सुमारे ४५० ग्रॅम. एवढ्या ज्वारीतून साधारण दीड हजार किलोकॅलरी मिळतात. खडी फोडणाऱ्या, माती वाहणाऱ्या पुरुषाची गरज आजचे आहारशास्त्र साडेतीन हजारांच्या आसपास धरते. म्हणजे निम्म्याहून कमी अन्नावर पूर्ण दिवसाचे काम. मद्रास इलाख्याचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी या शिध्याला कडाडून विरोध केला. दीड पौंड धान्य तर हवेच, पण त्याबरोबर डाळ आणि भाजीपालाही हवा, असा त्यांचा आग्रह होता. मद्रास सरकारला अखेर काही अंशी नमते घ्यावे लागले. धान्य वाढले आणि थोडी डाळही आली. मुंबई इलाख्यात वेगळेच घडले. इथे हजारो मजूर नवी मजुरी नाकारून कामांवरून निघून गेले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून दुष्काळाचे वृत्तांत सरकारला धाडले. भुकेल्या माणसांनी अन्नासाठीच काम सोडावे, हे विपरीत वाटते. पण अशा मजुरीवर काम करून मरण्यापेक्षा न करता मरणे बरे, हा त्यांचा हिशेब टेंपलसाहेबांच्या हिशेबाहून अधिक बिनचूक होता. त्याच वर्षी टेंपल मुंबईचे गव्हर्नर झाले. पुढे १८८१ची जनगणना झाली तेव्हा सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या १८७२पेक्षा घटलेली आढळली.

कॉर्निश डाळ-भाजीविषयी बोलत होते तेव्हा जीवनसत्त्वांचा शोध लागलेला नव्हता. तो लागण्यास आणखी तीस-पस्तीस वर्षे जायची होती. १८९०च्या दशकात जावा बेटावर आइकमन यांनी पाहिले, की सडलेल्या, कोंडा काढलेल्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्यांना बेरीबेरीसारखा रोग होतो, आणि कोंडा दिला की तो बरा होतो. १९१२ साली कासिमिर फुंक यांनी अशा अदृश्य द्रव्यांना ‘व्हिटॅमिन’ हे नाव दिले. पोट भरलेले असूनही माणूस उपाशी असू शकतो, हा या संशोधनाचा खरा अर्थ होता. वजनाच्या काट्याला न दिसणारी भूक प्रथमच शास्त्राच्या भाषेत सांगता आली.

हिंदुस्थानात हे काम निलगिरीतील कुन्नूर येथे रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी वाढवले. त्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. देशाच्या निरनिराळ्या भागांतील आहार त्यांनी उंदरांच्या गटांना खाऊ घातले आणि त्यांची वाढ मोजली. शिखांचा आहार पहिला आला, पठाणांचा दुसरा आणि ‘मराठा’ आहार तिसरा. मद्रासी आहार तळाला गेला. या तिसऱ्या क्रमांकाने हुरळून जाण्यापूर्वी विचारले पाहिजे, की हा ‘मराठा’ आहार कोणाचा? दूधदुभते, डाळ आणि भाजी ज्याच्या ताटात नित्य येते त्या बागायतदाराचा, की सोलापूरच्या गिरणीत पाळी करणाऱ्या कामगाराचा? प्रदेशाच्या नावाने आहार सांगितला, की त्या प्रदेशातली जात आणि वर्ग त्या नावाखाली झाकले जातात.

कुन्नूरच्या याच प्रयोगशाळेत काही काळ काम केलेल्या कमला सोहोनी यांनी पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत नीरेचा अभ्यास केला. कुपोषित आदिवासी मुले आणि गरोदर स्त्रिया यांना नीरेचा लाभ होतो, हे त्यांच्या कामातून पुढे आले. पूरक पोषण म्हणजे परदेशी बाटलीच असे नाही, ते गावच्या झाडावरही असू शकते, हा त्यातला धडा मराठी वाचकाने विसरू नये.

ज्वारीच्या प्रदेशाला सर्वांत अस्वस्थ करणारा शोध मात्र १९६० साली लागला. कुन्नूरची प्रयोगशाळा तोवर हैदराबादला आली होती. आजची राष्ट्रीय पोषण संस्था ती हीच. सोलापूरपासून हैदराबादपर्यंत पसरलेल्या दख्खनच्या पठारावर ज्वारी हेच गरिबाचे अन्न. हैदराबादच्या परिसरात, ज्वारीवर जगणाऱ्या गरीब लोकांत पेलाग्रा हा रोग आढळत होता. यात उन्हात उघड्या राहणाऱ्या अंगाची कातडी काळवंडते व सोलते, पोट बिघडते आणि मनाचाही तोल जातो. अमेरिकेच्या दक्षिण भागात मका खाणाऱ्या गरिबांत हा रोग पसरला होता, आणि नायसिन या जीवनसत्त्वाचा अभाव हे त्याचे कारण ठरले होते. पण ज्वारीत नायसिन अगदीच कमी नसते. मग रोग का व्हावा? सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी असे मांडले, की ज्वारीत ल्युसिन हे अमिनो आम्ल प्रमाणाबाहेर असते, आणि ट्रिप्टोफॅनपासून नायसिन बनवण्याच्या शरीरातल्या क्रियेत ते अडथळा आणते. या उपपत्तीवर पुढे शास्त्रज्ञांत बराच वाद झाला. परंतु ज्वारीखेरीज ताटात दुसरे काही नसलेल्यांनाच हा रोग गाठतो, याविषयी वाद नव्हता.

म्हणजे दोष ज्वारीचा नव्हे, एकट्या ज्वारीचा. सोलापूरच्या ताटाची रचना या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. भाकरीबरोबर शेंगाचटणी, तूर किंवा मटकी, पालेभाजी, वाटीभर ताक. दक्षिण अमेरिकेतून आलेला भुईमूग नायसिनने समृद्ध आहे. डाळीतून प्रथिने येतात, दुधातून ट्रिप्टोफॅन. हे ताट कोणा आहारतज्ज्ञाने आखलेले नाही आणि त्यामागे पूर्वजांचे गुप्त ज्ञान होते असेही मानण्याचे कारण नाही. ते शेताच्या बांधावर, आंतरपिकांतून आणि गोठ्यातून घडले. ज्याला बांध नव्हता, गोठा नव्हता, त्याच्या ताटात उरली ती फक्त भाकरी. पेलाग्राने नेमका तोच माणूस निवडला. ‘कोरड्यास’ हा साधा शब्द त्या अर्थाने आहारशास्त्राचा शब्द आहे, आणि ‘कोरडी भाकरी’ हे गरिबीचे वर्णन असण्याबरोबरच रोगाचे निदानही आहे.

१९७२च्या दुष्काळात हा सारा इतिहास एकत्र आला. सोलापूर पुन्हा होरपळलेल्या जिल्ह्यांत होते. खडी फोडण्याची, पाझर तलावांची, नालाबंदिस्तीची कामे निघाली. १९७३च्या उन्हाळ्यात राज्यभरात या कामांवर सुमारे ५० लाख मजूर होते. रेशनवर अमेरिकेहून आलेली लाल ‘मिलो’ ज्वारी मिळाली. तिची चव त्या पिढीच्या जिभेवरून अजून गेलेली नाही. पण कामांवर ‘सुकडी’ही वाटली गेली. पीठ, गूळ, दुधाची भुकटी अशा पदार्थांची ती पूरक पोषणाची वडी किंवा भुकटी होती. कॉर्निश यांचा आग्रह जवळपास शंभर वर्षांनी इथे मान्य झाला, असे म्हणता येईल: धान्याबरोबर आणखी काही लागते, हे सरकारने स्वीकारले. याच अनुभवातून पुढे रोजगार हमीचा कायदा १९७७ साली संमत झाला. अन्न ही दामाजीची कृपाही नव्हे आणि टेंपलचा प्रयोगही नव्हे. काम मागण्याच्या हक्कातून ते मागता येते, ही कल्पना दख्खनच्या दुष्काळाने राज्याला दिली.

आज प्रश्नाचे रूप बदलले आहे. गोळ्या, पूरक पावडरी आणि ‘इम्युनिटी’ची सरबते यांची जाहिरात आपल्याला सांगते, की सत्त्व बाटलीत मिळते. यात सारेच खोटे नाही. गरोदरपणाच्या आधी आणि आरंभी घेतलेल्या फोलिक आम्लाने अर्भकाच्या मज्जारज्जूतील व्यंग टळते, हे १९९१च्या ब्रिटनमधील अभ्यासापासून सिद्ध आहे. रक्तक्षय असलेल्या स्त्रीला लोहाची गोळी लागतेच. निव्वळ शाकाहारी व्यक्तीला बी-१२ कमी पडू शकते. परंतु ज्याला काही कमी नाही त्याने अधिक घेतल्याने अधिक आरोग्य मिळते, याला आधार नाही. १९९४ साली फिनलंडमधील धूम्रपान करणाऱ्यांच्या मोठ्या चाचणीत बीटा-कॅरोटिनच्या गोळ्यांनी फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी वाढलेला दिसला. टेंपलने आहार एका आकड्यावर आणला होता. बाटलीवरचे लेबल तो दहा-वीस आकड्यांवर आणते. ताट मात्र दोन्हीकडे नाहीसे होते.

सोलापुरातच याचे एक बोलके उदाहरण आहे. येथील राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राने २०१७ साली ‘सोलापूर लाल’ हा वाण दिला. नेहमीच्या वाणांपेक्षा लोह, जस्त आणि क जीवनसत्त्व अधिक असलेले हे डाळिंब आहे. कौतुक करावे असेच हे काम. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला; आधीच्या फेरीत हे प्रमाण ४८ टक्के होते. डाळिंबाच्या बागेत खुरपणारी बाई आणि ते डाळिंब विकत घेणारे गिऱ्हाईक यांच्यात जे अंतर आहे, ते फळातले लोह वाढवून मिटत नाही. तीच गोष्ट धान्याची. उजनीच्या पाण्याने ऊस आला, रेशनने गहू-तांदूळ आणला, आणि ज्वारीचे क्षेत्र आक्रसले. २०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले; २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झाले. एके काळी गरिबीची खूण असलेली भाकरी आता शहरातल्या उपाहारगृहात मानाने आणि महागाने मिळते. २०१३चा अन्नसुरक्षा कायदा माणशी महिना पाच किलो धान्याची हमी देतो. ही हमी मोलाची आहे, पण तिचे माप पुन्हा वजनाचेच आहे.

साहित्याच्या अभ्यासकांना यात एक काम आहे. दुष्काळावरच्या कथा-कादंबऱ्या, आत्मकथने, जात्यावरच्या ओव्या वाचताना आपण भूक ही एकच गोष्ट समजतो. ताटात काय होते, काय नव्हते, कोरड्यास कोणाला मिळाले आणि शिळा तुकडा कोणाच्या वाट्याला आला, याच्या नोंदी या साहित्यात विखुरलेल्या आहेत. सरकारी अहवालांत पौंड सापडतील, प्रयोगशाळेच्या कागदांत मिलिग्रॅम. त्या ताटाची चव, लाज आणि हिशेब मात्र ज्यांनी ते ताट पुढ्यात घेतले त्यांनीच लिहिले किंवा गायले आहेत. ‘सकस’ हा शब्द आपण त्यांच्याच शेतातून उचलला. तो लेखनाला लावण्याआधी त्या शेतातले धान्य कोणाच्या घरी गेले, एवढे तरी विचारायला हवे.