दिवा विझला, झडप उघडीच!

मंडळी, पुण्या-मुंबईहून येणाऱ्या पत्रांत हल्ली एक प्रश्न वरचेवर असतो. "चिरंजीव इंजिनिअर झाले आणि आता म्हणतात यूएक्स डिझाईन करायचंय. म्हणजे चार वर्षं पाण्यात गेली म्हणायची का?" यूएक्स म्हणजे युजर एक्सपिरियन्स, म्हणजे एखादी वस्तू वापरताना माणसाला काय काय सोसावं लागतं त्याचा विचार. बऱ्याच आईवडिलांना ही नुसती रंगरंगोटी वाटते. पण या धंद्याचा इतिहास पाहिला तर तो रंगांतून नव्हे, अपघातांतून सुरू होतो.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ जातीची बाँबफेकी विमानं सुखरूप उतरायची आणि मग धावपट्टीवरच पोटावर बसायची! वैमानिक फ्लॅप्स मिटवायला जायचा आणि चाकं आत ओढून घ्यायचा. शेरा ठरलेला: वैमानिकाची चूक. १९४३ मध्ये ओहायोतल्या राइट फील्डवर अल्फॉन्स चापॅनिस नावाच्या तरुण मानसशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं, की दोन्ही खटके एकसारखे आहेत आणि शेजारी शेजारी आहेत. त्याने चाकांच्या खटक्याला छोटंसं रबरी चाक लावलं आणि फ्लॅप्सच्या खटक्याला पाचरीसारखी मूठ. न बघताही हाताला फरक कळायला लागला. पुढे १९४७ मध्ये पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी "वैमानिकाची चूक" म्हणून गणल्या जाणाऱ्या ४६० प्रसंगांचा अभ्यास केला. त्यातल्या पुष्कळ चुकांचं मूळ वैमानिकाच्या डोक्यात नव्हे, तर विमानातल्या मांडणीत सापडलं.

आता आपल्या प्रश्नाचं उत्तर देणारा गृहस्थ. डोनाल्ड नॉर्मन हा आपल्यासारखाच इंजिनिअर. १९५७ मध्ये एमआयटीतून इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची पदवी, मग मी राहतो त्या पेन्सिल्वेनियात, फिलाडेल्फियाला, त्याच विषयात मास्टर्स. तिथल्या मानसशास्त्र विभागाचे नवे प्रमुख रॉबर्ट बुश हे स्वतः मूळचे भौतिकशास्त्रवाले. त्यांच्या विभागात नॉर्मन शिरला आणि १९६२ मध्ये मानसशास्त्राचा डॉक्टर होऊन बाहेर पडला. सर्किटं सोडून तो माणसाची स्मरणशक्ती आणि लक्ष यांचा अभ्यास करू लागला. आपल्याकडे घरी काय म्हणाले असते, ते सांगायला नकोच!

२८ मार्च १९७९. याच पेन्सिल्वेनियात, हॅरिसबर्गजवळच्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात पहाटे चारच्या सुमाराला एक पंप बंद पडला. दाब वाढला म्हणून सुरक्षा झडप आपोआप उघडली. दाब उतरल्यावर ती मिटायला हवी होती, पण ती उघडीच अडकली. नियंत्रण कक्षातला दिवा मात्र विझला. का? तर तो दिवा झडपेची स्थिती दाखवतच नव्हता, झडपेला गेलेला विजेचा हुकूम दाखवत होता! हुकूम "मीट" असा गेला, दिवा विझला, आणि झडप मिटली अशी सगळ्यांची समजूत झाली. पहिल्या काही मिनिटांतच शंभराहून जास्त इशारे एकदम वाजू लागले. पाणी जास्त झालंय असं समजून कर्मचाऱ्यांनी अणुभट्टीला थंड ठेवणारं पाणीच कमी केलं. भट्टीचा जवळजवळ निम्मा गाभा वितळला.

सरकारी चौकशी आयोगाचे अध्यक्ष होते जॉन केमेनी, म्हणजे बेसिक ही संगणकभाषा घडवणाऱ्या दोघांपैकी एक. कर्मचारी चुकले हे आयोगाने मांडलंच, पण नियंत्रण कक्षाच्या रचनेवर आणि प्रशिक्षणावरही बोट ठेवलं. इथल्या चुका समजून घ्यायला नॉर्मनलाही बोलावलं होतं. त्याचा निष्कर्ष असा, की माणसं हुशार होती, कक्षाची रचनाच चुका करवून घेणारी होती.

मग नॉर्मनने मोर्चा रोजच्या वस्तूंकडे वळवला. १९८१ मध्ये त्याने युनिक्सच्या क्लिष्ट आज्ञांवर सडकून टीका केली. इंग्लंडात केंब्रिजला असताना तिथली दारं, नळ आणि दिव्यांचे खटके यांनी त्याला भंडावून सोडलं आणि त्यातून १९८८ मध्ये त्याचं गाजलेलं पुस्तक आलं. (खटक्यांचं म्हणाल तर भारतात खटका खाली केला की दिवा लागतो, इथे अमेरिकेत वर केला की!) दार ढकलायचं की ओढायचं हे सांगायला पाटी लावावी लागत असेल तर दार चुकलंय, हा त्याचा मुद्दा. १९९३ मध्ये तो ॲपलमध्ये गेला आणि त्याने स्वतःच्या हुद्द्यातच "युजर एक्सपिरियन्स" हे शब्द घातले. नाव तिथून रूढ झालं, काम त्याआधी पन्नास वर्षं चालू होतं.

हे फक्त अमेरिकेतच झालं असं नाही. पवईच्या आयआयटीत १९६९ पासून औद्योगिक डिझाईनचं केंद्र आहे, आयडीसी. इंजिनिअर झालेली कितीतरी मुलं तिथे डिझाईन शिकली. मोबाइलवर मराठी लिहिण्यासाठीचा "स्वरचक्र" हा कळफलक तिथलाच. व्यंजनावर बोट ठेवलं की भोवती स्वरांचं चक्र उमटतं, म्हणजे अख्खी बाराखडी बोटाशी. इंग्रजी कळफलकावर मराठी कोंबण्यापेक्षा आपली लिपी कशी चालते ते ओळखून केलेली ही रचना.

तेव्हा चार वर्षं पाण्यात गेली का? झडप, तार आणि दिवा यांचं नातं ज्याला कळतं, त्यालाच तो दिवा खोटं का बोलतोय हे लवकर उमगतं. पण तेवढ्याने भागत नाही बरं का. नॉर्मनला पुन्हा विद्यार्थी व्हावं लागलं, माणूस कसा विचार करतो ते शिकावं लागलं. चिरंजीवांना विचारायचंच असेल तर पगाराचं नंतर विचारा. आधी हे विचारा, की वापरणारा चुकला की त्यांना त्याचा राग येतो, की आपल्या यंत्राचा? यंत्राचा येत असेल तर खुशाल जाऊ द्या.