शास्त्रप्रवेशाचे संवाद

बखरी, सनदा व महजर यांचा कसोशीनें शोध करणाऱ्या आमच्या संशोधकबंधूंच्या संग्रहांत जुन्या शालेय पुस्तकांस क्वचितच स्थान मिळतें. परंतु पदार्थविज्ञान व रसायन हीं शास्त्रें आपल्या मुलांस आरंभीं कोणत्या शब्दांनीं शिकविलीं गेलीं, हें त्याच फाटक्या पुस्तकांवरून कळावयाचें आहे.

हरि केशवजी पाठारे यांचीं ‘सिद्धपदार्थविज्ञानशास्त्रविषयक संवाद’ (इ. स. १८३३) व ‘रसायनशास्त्रविषयक संवाद’ (इ. स. १८३७) हीं पुस्तकें घ्या. दोहोंच्याही नांवांतील ‘संवाद’ हा शब्द लक्षांत घेण्याजोगा आहे. इंग्लंडांत जेन मार्सेट या विदुषीनें १८०५ च्या सुमारास आपला रसायनावरील ग्रंथ एक शिक्षिका व दोन मुली यांच्या संभाषणरूपानेंच रचिला होता. लंडनांत पुस्तकबांधणीची उमेदवारी करणाऱ्या मायकेल फॅरडेस रसायनाची गोडी लागली ती या ग्रंथामुळें.

ही रीत आम्हांसही परकी नव्हे. छांदोग्योपनिषदाच्या सहाव्या अध्यायांत उद्दालक आरुणि आपल्या पुत्रास, श्वेतकेतूस, रात्रीं पाण्यांत मीठ टाकावयास सांगतो. सकाळीं तें हातीं लागत नाहीं. तेव्हां वरचें, मधलें व तळचें पाणी चाखवून तें सर्वत्र खारट आहे हें तो पुत्राकडूनच वदवितो. हेतु ब्रह्मविद्येचा खरा, तथापि पदार्थ पाण्यांत विरघळणें म्हणजे काय, याचा याहून सोपा पाठ आम्हांस ठाऊक नाहीं.

अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ही बालांच्याच बोधासाठीं रचिलेला, पण त्याची सारी भिस्त लक्षणांवर. वस्तूच्या पहिल्या पतनाचें असमवायिकारण तें गुरुत्व, पहिल्या वाहण्याचें तें द्रवत्व. विद्यार्थी हें मुखोद्गत करितो. दगड वा पाणी हातीं घ्यावें लागत नाहीं.

तरी शब्द दिले ते याच शास्त्रानें. ‘गुरुत्वाकर्षण’, ‘द्रव’, ‘अणु’ म्हणणारें आजचें मूल न्याय-वैशेषिकांचेंच धन खर्चीत असतें. मात्र अर्थ पालटला आहे. तर्कसंग्रहाप्रमाणें गुरुत्व हा पृथ्वी व जल या दोनच द्रव्यांचा गुण. वायूस तो नाहीं. आधुनिक शास्त्र तर वायूसही वजन आहे असें तराजूनें दाखवितें. शब्द जुना, अर्थ नवा. आणि ही सांधेजोड घडली ती कोणा पंडितसभेंत नव्हे, तर पंतोजी व मुलें यांच्या वर्गांत. ती कशी घडली याचा पुरावा छापील पाठांत जितका, तितकाच त्यांच्या समासांत कोणा विद्यार्थ्यानें बोरूनें लिहिलेल्या टिपांत असावयाचा.

सबब आमची विनंती इतकीच कीं, पोथ्यांच्या गठ्ठ्यांत असें एखादें पुस्तक आढळल्यास तें रद्दींत न टाकतां त्याचें मुद्रणस्थळ, वर्ष, पारिभाषिक शब्द व समासांतील टिपा उतरून ठेवाव्या. वाळवी सनद व शालेय पुस्तक यांत भेद करीत नाहीं. या कामीं तरी आपणही तो करूं नये.